त्या दिवशी हे कोणाला माहीत होतं?

माझ्या प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणाची ऐंशी पानं मार्गदर्शक बाईंनी परत केली, तेव्हा त्यांत लाल शाईचं एकच वाक्य होतं. सातव्या पानाच्या समासात, बारीक अक्षरात: 'त्या दिवशी हे कोणाला माहीत होतं?' पुढच्या त्र्याहत्तर पानांवर एक टिंबसुद्धा नाही. मला वाटलं, बाकीचं सगळं त्यांना पटलं. दोन दिवसांनी कळलं की त्यांनी सातव्या पानापुढे वाचलंच नव्हतं.

राष्ट्रांची ग्रँड स्ट्रॅटेजी, म्हणजे सैन्य, पैसा आणि राजनय एकत्र वापरून दूरचं साध्य गाठण्याची आखणी, कशी घडते याचा अभ्यास तुम्ही सुरू करणार असाल, किंवा सुरू करून भांबावला असाल, तर मला जे सांगायचं आहे ते बरंचसं त्या एका ओळीबद्दल आहे. साध्य, मार्ग आणि साधनं यांचं गणित तुम्हाला माहीत असेलच. युद्ध म्हणजे वेगळ्या साधनांनी पुढे चालवलेलं राजकारण, हे प्रशियाच्या क्लाउझेविट्झ या युद्धविचारवंताचं वाक्यही पाठ असेल, ते सगळ्यांनाच पाठ असतं. त्यात शिरत नाही.

फक्त शब्दाबद्दल एक तक्रार. ग्रँड स्ट्रॅटेजीला आपण 'महारणनीती' म्हणतो आणि पहिल्याच दिवशी वाट चुकतो, कारण त्या शब्दात रण आधीच येऊन बसलेलं असतं. या विषयाचा निम्मा भाग खजिना, तह, व्यापार, कोणाशी भांडण लांबवायचं आणि कोणाशी मिटवायचं, यांचा आहे. कौटिल्याच्या षाड्गुण्यात संधी (तह), विग्रह, आसन, यान, संश्रय (बलवानाचा आश्रय) आणि द्वैधीभाव (एकाशी तह, दुसऱ्याशी वैर) अशी सहा धोरणं आहेत. उघड वैर त्यांतलं एक, चालून जाण्याची तयारी दुसरं, आणि 'आसन' म्हणजे चक्क गप्प बसून राहणं हेही एक. मला ते सगळ्यांत आवडतं. पण परिसंवादात आसनाबद्दल कोणी बोलत नाही, टाळ्या पडत नाहीत ना.

आता माझी फजिती. माझा विषय होता 'कंटेनमेंट', म्हणजे सोव्हिएत विस्ताराला बांध घालण्याचं अमेरिकेचं धोरण. मांडणी सुबक होती. फेब्रुवारी १९४६ मध्ये अमेरिकेच्या मॉस्कोतल्या वकिलातीतला अधिकारी जॉर्ज केनन तिथून सोव्हिएत वागणुकीबद्दलची ती प्रसिद्ध लांबलचक तार पाठवतो. मार्च १९४७ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन अमेरिकन काँग्रेसपुढे ग्रीस आणि तुर्कस्तानसाठी मदत मागतो, जूनमध्ये परराष्ट्रमंत्री मार्शल युरोपच्या उभारणीची कल्पना मांडतो, जुलैमध्ये कंटेनमेंटची कल्पना मांडणारा केननचा लेख 'एक्स' या टोपणनावाने छापून येतो. १९४९ मध्ये नाटो हा लष्करी करार, १९५० मध्ये राष्ट्रीय सुरक्षा परिषदेचा एनएससी-६८ हा दस्तऐवज, आणि १९९१ मध्ये सोव्हिएत संघ संपला. एका माणसाने बी पेरलं, पंचेचाळीस वर्षांनी पीक आलं. वाचायला गोड, आणि पुराव्यापुढे न टिकणारं.

कुठे मोडतं ते सविस्तर सांगते, कारण माझे आठ महिने यात गेले आहेत.

एनएससी-६८ एप्रिल १९५० मध्ये ट्रुमनपुढे आला. लष्करी ताकद झपाट्याने वाढवा, असं त्यात होतं. मात्र त्यासाठी किती पैसे लागतील याचा आकडा त्यात नव्हता. ट्रुमनने तो मंजूर केला नाही, आधी खर्च सांगा म्हणाला. तेव्हा वर्षाचा संरक्षणखर्च साडेतेरा अब्ज डॉलरच्या आसपास रोखून धरण्याचा प्रयत्न चालू होता. त्याच वर्षी जानेवारीत परराष्ट्रमंत्री अॅचिसनने जाहीर भाषणात पॅसिफिकमधली अमेरिकेची संरक्षणरेषा सांगितली होती आणि कोरिया तिच्या बाहेर राहिला होता. मग २५ जूनला उत्तर कोरियाचं सैन्य ३८ व्या अक्षवृत्ताच्या खाली, दक्षिण कोरियात उतरलं. सप्टेंबरअखेर तोच दस्तऐवज धोरण म्हणून मंजूर झाला आणि खर्च तिपटीपलीकडे गेला.

मी माझ्या प्रकरणात याला 'कंटेनमेंटचा पुढचा टप्पा' म्हटलं होतं. टप्पा म्हटलं की कोणीतरी आधी जिना बांधला होता असं वाटतं. इथे जिना नव्हता. एक फाईल होती, जिला पैसे मिळत नव्हते, आणि एक युद्ध होतं, जे वॉशिंग्टनमधल्या कोणी योजलं नव्हतं.

शिवाय ज्याला मी या सगळ्याचा जनक ठरवलं होतं, त्या केननलाच हे मान्य नव्हतं. १९४९ च्या अखेरीस त्याने परराष्ट्र खात्यातल्या धोरण-नियोजन विभागाचं प्रमुखपद सोडलं आणि त्या खुर्चीत पॉल निट्झ आला. एनएससी-६८ निट्झच्या चमूचं काम. आपल्याला प्रामुख्याने राजकीय बांध अभिप्रेत होता, लष्करी नव्हे, असं केनन पुढे आयुष्यभर सांगत राहिला. फेब्रुवारी १९६६ मध्ये सिनेटच्या समितीपुढे बसून त्याने व्हिएतनाममध्ये आणखी खोल जाऊ नका असंही सांगितलं. आणि 'एक्स'चा लेख आला त्याच वर्षी वॉल्टर लिपमन या पत्रकाराने सबंध लेखमाला लिहून त्याची चिरफाड केली होती: इतक्या ठिकाणी बांध घालायला आपल्याकडे साधनं आहेत का? हे सगळं मी वाचलेलं होतं. टिपणांत होतं. प्रकरणात मात्र नव्हतं. का? कारण ते १९९१ कडे जात नव्हतं.

चकवा तो हाच. तुम्ही निकाल जाणून कागदांकडे जाता. मग निकालाकडे जाणारे कागद आपोआप हाताशी येतात आणि बाकीचे 'संदर्भबाह्य' नावाच्या फोल्डरमध्ये जाऊन पडतात. तुम्ही खोटं लिहीत नसता. प्रत्येक वाक्याला तळटीप असते. तरी एकूण चित्र खोटं असतं, कारण त्या चित्रातल्या माणसांना शेवट माहीत असल्यासारखं तुम्ही त्यांना चालवता. ज्याला आपण 'राष्ट्राची रणनीती' म्हणतो, ती पुष्कळदा मागाहून एका दोरीत ओवलेली मणीमाळ असते, आणि दोरी आपली असते.

हे आपल्याकडून होतंय की नाही ते कसं ओळखायचं? भाषेवरून. स्वतःचं लिखाण उघडा आणि 'अखेर', 'पद्धतशीरपणे', 'दूरदृष्टीने', 'अपरिहार्यपणे' हे शब्द शोधा. माझ्या ऐंशी पानांत 'पद्धतशीरपणे' एकतीस वेळा होतं. मग वाक्यांचे कर्ते पाहा. 'अमेरिकेने ठरवलं', 'रशियाला वाटलं', 'ब्रिटनची इच्छा होती'. देश ठरवत नाही. एका खोलीत बसलेली काही माणसं ठरवतात, त्यांतली दोघं एकमेकांशी बोलत नसतात, आणि तिसऱ्याला पुढच्या महिन्यात अंदाजपत्रक मांडायचं असतं. मी एक नियम घालून घेतला: पहिल्या खर्ड्यात देशाचं नाव कर्ता म्हणून वापरायचं नाही. माणूस लिहायचा, खातं लिहायचं. पहिल्या आठवड्यात एक पान पुरं होईना, कारण कोणी ठरवलं तेच मला अनेकदा माहीत नव्हतं.

दुसरा नियम मी 'तारखेची भिंत' म्हणते. एक तारीख निवडायची आणि तिच्यानंतरचा कागद हातात घ्यायचा नाही. त्या तारखेला समोर कोणते पर्याय होते, प्रत्येकाच्या बाजूने कोण बोलत होतं, आणि जो पर्याय हरला त्याचा सर्वांत जोरदार युक्तिवाद काय होता, हे लिहून काढायचं. हरलेल्या पर्यायाची बाजू तुम्हाला ताकदीने मांडता येत नसेल, तर जिंकलेला पर्याय का जिंकला हेही तुम्हाला कळलेलं नाही. तोपर्यंत लिहायला बसू नका, मी सांगते.

एक सराव देते. ब्रिटनच्या युद्धमंत्रिमंडळाची २६ ते २८ मे १९४० ची इतिवृत्तं आता खुली आहेत. फ्रान्स कोसळतोय, ब्रिटिश सैन्य डंकर्कच्या किनाऱ्यावर अडकलंय. परराष्ट्रमंत्री हॅलिफॅक्स म्हणतो, इटलीच्या मध्यस्थीने हिटलरकडून काय अटी मिळू शकतात ते निदान पाहू या. पंतप्रधान चर्चिल म्हणतो, एकदा त्या उतारावर पाय ठेवला की थांबता येणार नाही. आपल्याला माहीत असतं की ४ जूनपर्यंत तीन लाख अडतीस हजार सैनिक सुटणार आहेत. २६ मे रोजी मात्र अंदाज पंचेचाळीस हजारांच्या आसपासचा होता. अमेरिका युद्धात नव्हती. इटली अजून उतरली नव्हती, ती १० जूनला उतरली. २६ तारखेचं इतिवृत्त वाचा, मिटून ठेवा, आणि त्या रात्री तुम्ही सल्लागार असता तर काय सुचवलं असतं ते दोन पानांत लिहा.

मी लिहिलं. माझा सल्ला हॅलिफॅक्सच्या बाजूने गेला. लाज वाटली, फाडून टाकावंसं वाटलं. बाईंना दाखवला, तर त्यांनी खाली 'बरं' लिहिलं. दीड वर्षात मिळालेला तो पहिला 'बरं'. हॅलिफॅक्स चूक की बरोबर हा मुद्दाच नव्हता. त्या खोलीतला अंधार मला पहिल्यांदा दिसला होता.

यानंतर मी दुसऱ्या बाजूच्या खड्ड्यात पडले, तेही सांगून टाकते, म्हणजे तुमचे चार महिने वाचतील. मला वाटायला लागलं की रणनीती नावाची गोष्टच नसते, सगळा योगायोग आणि खात्याखात्यांतली ओढाताण. हे मत फार रुबाबदार वाटतं. चहापानात सांगितलं की समोरचा गप्प होतो. पण तेही आळशीच आहे. १९५३ च्या उन्हाळ्यात नवा राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरने तीन चमू बसवले, प्रत्येकाला सोव्हिएत संघाबाबतचं वेगळं धोरण दिलं आणि ते जितकं भक्कम मांडता येईल तितकं मांडा म्हणून सांगितलं. एका चमूचं नेतृत्व त्या केननकडेच होतं, ज्याला नव्या परराष्ट्रमंत्र्याने, डलेसने, पद दिलं नव्हतं. मग सगळ्यांना समोरासमोर बसवून ऐकलं. ऑक्टोबरमध्ये नवं धोरणपत्र मंजूर झालं. म्हणजे माणसं बसून, पर्याय मांडून, पैशांचा हिशोब करून विचार करू शकतात. नेहमी करत नाहीत, इतकंच.

प्रशियाचा पंतप्रधान बिस्मार्क याचंही तसंच. जुलै १८६६ मध्ये ऑस्ट्रियाचा दणदणीत पराभव झाल्यावर प्रशियाचा राजा आणि सेनानी व्हिएन्नाकडे जायला, मुलूख तोडून घ्यायला उतावीळ होते. बिस्मार्कने त्यांना आवरलं. यावर सगळे म्हणतात, १८७० मध्ये फ्रान्सशी लढताना ऑस्ट्रिया तटस्थ राहावा म्हणून. वाक्य सुंदर आहे, पण भिंतीपलीकडचं आहे. भिंतीच्या अलीकडचं हवं असेल तर त्याच महिन्यात त्याने बायकोला लिहिलेलं पत्र आहे: विजयाची नशा चढलेल्यांच्या पेल्यात पाणी ओतायचं नावडतं काम माझ्याकडे आलंय, आपण युरोपात एकटे राहत नाही, आपला मत्सर करणारी आणखी तीन राज्यं आहेत, अशा आशयाचं. हा पुरावा चालतो. त्यात १८७० नाही, तरी विचार आहे.

तर, दोन्ही खड्डे चुकवता येतात. जमायला वेळ लागतो. मला लागला, आणि मी काही मठ्ठ नव्हते.

पैशांकडे पाहायला मात्र फार उशीर केला. भाषणं, तारा, तह, लढाया सगळं वाचलं आणि अंदाजपत्रकाची पानं उलटून टाकली. ऑगस्ट १९१९ मध्ये ब्रिटिश मंत्रिमंडळाने लष्करी खात्यांना सांगितलं की येत्या दहा वर्षांत मोठं युद्ध होणार नाही असं धरून खर्चाचे अंदाज करा. १९२८ मध्ये अर्थमंत्र्याच्या आग्रहावरून ही दहा वर्षं रोज नव्याने मोजायची असं ठरलं. म्हणजे युद्ध कायमच दहा वर्षं लांब. मार्च १९३२ मध्ये नियम सोडला, पण तोवर कारखाने आणि कारागीर दोन्ही आटले होते. तो अर्थमंत्री होता विन्स्टन चर्चिल. भाषणांतून रणनीती शिकणाऱ्यांना हे सापडत नाही. राष्ट्र काय बोलतं त्याच्या शेजारी ते पैसे कुठे घालतं याची यादी ठेवा. दोन्ही जुळली नाहीत तर यादीवर विश्वास ठेवा.

जवळच्या वाटांबद्दल माझी मतं तिखट आहेत, कोणाला लागली तर लागोत. प्राचीन चिनी युद्धशास्त्री सुन त्झू याची अवतरणं गोळा करू नका. नकाशावर बाण पळवणारे व्हिडिओ पाहायला हरकत नाही, पण त्यांत बाणाला भूक लागत नाही, दारूगोळा संपत नाही आणि पूल वाहून जात नाही. राजनय, माहिती, लष्कर, अर्थ अशा चार चौकोनांचे तक्ते तर मला बघवत नाहीत. चौकोन भरला की विचार झाला असं वाटतं, आणि खरा प्रश्न चौकोनांच्या मधल्या रेघेवर असतो: अर्थखात्याने नाही म्हटल्यावर लष्कराने काय केलं? एकच जवळची वाट मला मान्य आहे. जाडजूड ग्रंथ हातात घेण्याआधी त्याची दोन परस्परविरोधी परीक्षणं वाचा. भांडण कुठे आहे ते कळतं, मग वाचताना झोप येत नाही.

मूळ कागद मिळत नाहीत ही सबबही आता चालत नाही. अमेरिकेचं परराष्ट्र खातं १८६१ पासून आपला पत्रव्यवहार खंडाखंडाने छापत आलं आहे आणि ते खंड इंटरनेटवर फुकट आहेत. त्यातलं एकच संकट निवडा आणि दोन महिने त्याच्याशीच झटा. दहा संकटांची ओझरती ओळख काही कामाची नाही. हो, कागद उघडायला काळ लागतो हेही ध्यानात ठेवा. एनएससी-६८ खुद्द १९७५ पर्यंत गुप्त होता. चालू घडामोडींवर ठामपणे बोलणाऱ्यांकडे पाहताना मला हे वर्ष आठवतं.

मार्गदर्शक. दोन मिळाले. पहिले मोठे नावाजलेले, वाचनाची यादी द्यायचे, नव्वद पुस्तकांची. भेटीत स्वतःचे किस्से सांगायचे, कोण मंत्री काय म्हणाला वगैरे. त्यांच्याकडून बाहेर पडताना छाती फुगलेली असायची आणि वही कोरी. बाई यादी देत नसत. एक प्रश्न देत आणि वाचलेलं आवडलं नाही तर वाचणं थांबवत. त्या काळात मी त्यांच्यावर खूप चिडले, रडलेही. आजही मला वाटतं, उरलेल्या त्र्याहत्तर पानांवर निदान एक बरोबरची खूण करायला हरकत नव्हती. पण निवड करायची वेळ आली तर प्रश्न देणाऱ्याकडे जा.

नोकरीबद्दल स्पष्ट बोलते. 'रणनीतिकार' अशी जागा निघत नाही. संशोधन संस्थांत जागा थोड्या, विद्यापीठांत त्याहून थोड्या, आणि वर्तमानपत्राला तुमचं मत उद्या सकाळपर्यंत हवं असतं. बरीच माणसं शेवटी व्यापारातल्या जोखमीचे अहवाल लिहितात, किंवा सरकारी सेवेत जातात, किंवा शिकवतात. तिथे तुमची महासिद्धान्तांची जाण कोणी विचारत नाही. दोन पानांत टिपण लिहिता येतं का, अंदाजपत्रक वाचता येतं का, आणि ज्या देशाबद्दल बोलता त्याची भाषा येते का, हे विचारतात. भाषेला आजच सुरुवात करा. मी केली नाही, आणि अजून दुसऱ्याच्या अनुवादावर जगते. लष्करी पार्श्वभूमी नाही म्हणून मात्र घाबरू नका. रसद आणि अंतरं समजून घेतली की सुरुवातीला पुरतं.

इतकं सगळं कळूनही मागच्या वर्षी पुन्हा घसरले. आपल्याच इतिहासावर लिहायला घेतलं होतं, म्हणून जास्त लागलं. शिवाजी महाराजांनी १६७७ मध्ये दक्षिणेतला, तमिळ मुलखातला जिंजी किल्ला घेतला. १६८९ मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाल्यावर राजाराम महाराज तिथेच पोचले आणि १६९८ पर्यंत मोगलांचं सैन्य त्या किल्ल्यापाशी अडकून पडलं. मी लिहिलं: 'दूरदृष्टीने आधीच उभा करून ठेवलेला दक्षिणेतला आसरा'. वाक्य लिहून उठले आणि पाणी पिताना समासातली ती लाल ओळ आठवली. १६७७ मध्ये औरंगजेब दख्खनमध्ये नव्हता. तो १६८१ मध्ये खाली उतरला, आणि त्यामागे त्याच्याच मुलाचं, अकबराचं, बंडही होतं. ते बंड १६७७ मध्ये कोणाला माहीत असणार? त्या वर्षी समोर काय होतं? आदिलशाही खिळखिळी झालेली, गोवळकोंड्याच्या कुतुबशाहाशी जमलेलं, व्यंकोजींशी वडिलांच्या वारशाचा वाद, आणि राज्याभिषेकानंतर पैशांची गरज. यांतलं कोणतं कारण किती जड होतं? जिंजी जिंकल्यावर तिची तटबंदी नव्याने बळकट करून घेतली जात होती, असं तिथल्या जेझुइट पाद्र्यांच्या पत्रांत येतं. म्हणजे ते ठाणं टिकवायचं होतं, एवढं नक्की. कशासाठी, हे मात्र त्या पत्रांवरून ठरत नाही.

'दूरदृष्टीने' हा शब्द मी खोडला आहे. त्याच्या जागी काय घालायचं ते अजून ठरलेलं नाही, म्हणून ते प्रकरण तसंच अर्धं पडून आहे.